युरोपात पहिल्यांदा, आणि तेही लिस्बन?

"पॅरिस नाही, रोम नाही, स्वित्झर्लंडही नाही. पहिल्यांदाच युरोपात गेलात आणि लिस्बनच का निवडलंत?" आमचे फोटो पाहिले की नातेवाईक, शेजारी, यांचे जुने सहकारी सगळे हेच विचारतात. दारात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आम्ही रेवदंड्याचे. आमचं गाव पोर्तुगिजांच्या कोटात वसलं आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांत उभी असलेली बिनछपराची चर्चं, सातखणी बुरूज, खाऱ्या वाऱ्याने झिजलेला तट, हे पाहतच आम्ही दोघं वाढलो. मराठ्यांनी १७४० साली कोट घेतला, तरी खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून निघालेली बोली आजही घरात बोलली जाते. ही माणसं आली कुठून, त्यांनी इथून काय नेलं आणि त्याचं तिकडे काय केलं, हे मला शाळेपासून पडलेलं कोडं होतं. पॅरिसला त्याचं उत्तर मिळणार नव्हतं.

ते मिळालं लिस्बनच्या बेलेम भागात. टेजो नदी समुद्राला मिळते त्या बाजूला जेरोनिमोसचा मठ आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मॅन्युएलने तो बांधायला घेतला. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर सुमारे पाच टक्के कर होता, त्यातून हे काम चाललं. आतल्या चौकातल्या खांबांवर दगडात दोरखंड कोरले आहेत, पीळ आणि गाठींसकट. मी त्या दगडावरून हात फिरवत बराच वेळ उभी होते. इतकं सुंदर काम मी क्वचितच पाहिलं असेल, आणि त्यासाठी पैसा कुठून आला हेही मला त्या क्षणी विसरायचं नव्हतं.

तिथल्याच चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं आहे. तो १५२४ साली कोचीला वारला आणि आधी तिथेच पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले आणि या चर्चमध्ये ते १८८० साली आले. दगडात कोरलेली, हात जोडून निजलेली मूर्ती आहे. याच माणसाने १५०२ साली मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं. पर्यटकांची रांग फोटो काढत पुढे सरकत होती. हे मला म्हणाले, "अगं, चल." मला मात्र त्या जहाजातल्या माणसांसाठी तिथे दोन मिनिटं थांबावंसं वाटलं, आणि मी थांबले.

जवळच बेलेमचा बुरूज आहे. त्याच्या एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, आता पार झिजलेलं. बहुतेक लोक त्याखालून तसेच निघून जातात. हा गेंडा गुजरातचा. सुलतान दुसऱ्या मुजफ्फरशहाने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला, गोव्याहून तो जहाजावर चढवला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. युरोपने शतकानुशतकं गेंडा पाहिला नव्हता. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तर तो स्वतः न पाहताच, कुणीतरी पाठवलेल्या रेखाटनावरून आपलं प्रसिद्ध चित्र काढलं. राजाने पुढे तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि साखळदंडात बांधलेला तो जीव बुडाला.

यांची नोकरी सगळी बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे यांचं लिस्बन वेगळं. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी चर्चं भरलेली असताना भूकंप झाला, मग नदीतून लाटा आत आल्या आणि वर कित्येक दिवस आग. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातली 'कासा दा इंडिया' म्हणजे पूर्वेकडच्या व्यापाराची कचेरीही गेली. आमच्या किनाऱ्याबद्दलचे केवढे कागद त्यात गेले असतील, या विचाराने मी हळहळले. हे मात्र तेव्हाचा मंत्री पोंबाल याने पुन्हा वसवलेल्या बायशा भागातल्या सरळ रस्त्यांवरून हिंडत होते. तिथल्या घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा असतो, तिरप्या फुल्या मारलेला, धक्का बसला तर घर लवावं पण कोसळू नये म्हणून. त्याची चाचणी घ्यायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं, असं सांगतात. यांनी ही गोष्ट मला ज्या आनंदाने सांगितली, तो आनंद मी निवृत्तीनंतर यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

भूकंपात छप्पर गेलेला कार्मोचा मठ मुद्दाम तसाच ठेवला आहे. नुसत्या कमानी, वर आभाळ. रेवदंड्याची चर्चंही अशीच उभी आहेत, फक्त आमच्याकडे आत माड उगवले आहेत. तिथेही असंच तिकीट लावून जतन झालं तर काय बिघडेल? मी कळकळीने विचारते आहे.

पण आम्हाला लिस्बनला खेचून नेणारं खरं कारण मोहन रानडे. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठी शिकवायला गेला, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाला आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते आणि तिथेच राहिले. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं, तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. माझे वडील त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणत, देवाचं घ्यावं तसं.

काइश दो सोद्रे स्टेशनवरून कश्काइशची लोकल निघते, डाव्या हाताला नदी आणि मग समुद्र. बहुतेक लोक पुळणीसाठी शेवटपर्यंत जातात. आम्ही काशियशला उतरलो. तुरुंग आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. बाहेर रस्त्यावर उभे राहिलो. यांनी टोपी काढली.

पोर्तुगालच्या ज्या हुकूमशाही राजवटीने रानड्यांना कोंडलं, तिने आपल्या माणसांनाही असंच कोंडलं होतं. कॅथीड्रलशेजारी अल्जुबेचा जुना तुरुंग आहे, आता संग्रहालय झालेला. त्यातल्या अरुंद कोठड्या पाहिल्यावर हे मला पुरतं कळलं. ही राजवट २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांच्या उठावात गेली. पंतप्रधान काएतानो कार्मोच्या त्या मठाशेजारच्या बराकीत शरण आला आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं खोचली. त्यानंतर दोन दिवसांत काशियशचे राजकीय कैदी सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

तेव्हा जाणार असाल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जा. पंचवीस तारखेला दुपारी आव्हेनिदा दा लिबरदादवर फुलं घेऊन माणसं लोटतात, नातवंडांसकट. शाकाहारी असाल तर मार्तिम मोनिझच्या आसपास आपल्याकडचे मसाले आणि डाळी मिळतात. चढ पुष्कळ आहेत आणि पांढऱ्या-काळ्या दगडांचे फुटपाथ पावसात निसरडे होतात, म्हणून बूट चांगले घ्या. आणि काशियशला थांबणारीच लोकल पकडा, जलद गाडी तिथे थांबत नाही.