ताईच्या नेल लॅम्पखाली पीसीबी

लेझर प्रिंटरच्या टोनरचा प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवून मी दोन वर्षं घरीच पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, केले. जाड ट्रॅक (वीज वाहणाऱ्या तांब्याच्या रेघा) आणि लांब-सुट्या पायांचे मोठे डीआयपी आयसी होते तोवर निभावलं. मग एटीमेगा३२८ या मायक्रोकंट्रोलरचा चपटा चौकोनी आयसी हाती आला, दोन पायांच्या मध्यांत ०.८ मिमी अंतर, आणि इस्त्रीने हात टेकले. म्हणून ड्राय फिल्म आणली, दोन प्लास्टिकांच्या मधली, तांब्यावर चिकटवायची निळी फिल्म.

हिचा हिशोब सोपा आहे. अतिनील प्रकाश पडतो तिथे फिल्म कडक होते. बाकीची सोड्याच्या पाण्यात निघून जाते. म्हणून फिल्मवर ठेवायची छापलेली पारदर्शक शीट निगेटिव्ह लागते, ट्रॅक पारदर्शक आणि उरलेलं काळं. अडतं ते प्रकाश किती वेळ द्यायचा यावर.

दिवा ताईचा, नखांचं जेल सुकवायचा, ३६ वॉटचा. एका व्हिडिओत तीन मिनिटं सांगितली होती, दिली. सोड्यात कितीही ब्रश फिरवला तरी काही निघेना. ट्रॅक निळे, मधली जागाही निळीच. मग ३० सेकंद दिले, तर सगळी फिल्म शेवाळासारखी सुटून पाण्यावर तरंगायला लागली. ४५ ला पुन्हा काहीच निघेना! ३० ला सगळं जातं आणि ४५ ला कणभरही नाही, हे काही पटेना. दोन दिवसांनी उलगडा झाला. ४५ च्या वेळी घाईत उचललेला डबा खाण्याच्या सोड्याचा होता. फिल्मला लागतो धुण्याचा सोडा. खाण्याचा फारच सौम्य, त्यात फिल्म ढिम्म हलत नाही. म्हणजे त्या बोर्डात वेळेचा काही दोष नव्हता. तेव्हापासून लिटरला १० ग्रॅम, तेही काट्यावर मोजून.

मग अंदाजपंचे सोडलं आणि चाचणीची पट्टी काढली, म्हणजे एकाच तुकड्यावर वेगवेगळे वेळ. आठ सेंटिमीटरच्या तुकड्यावर फिल्म चढवली. वर ०.२, ०.३ आणि ०.५ मिमीच्या रेघा पुन्हापुन्हा छापलेली शीट, तिच्यावर काच, काचेवर काळा पुठ्ठा. दिवा लावला आणि फोनच्या स्टॉपवॉचवर दर दहा सेकंदांनी पुठ्ठा एक सेंटिमीटर बाहेर ओढत गेलो. जो भाग आधी उघडला त्याला ८० सेकंद, शेवटच्याला दहा. फिल्मचं दुसरं प्लास्टिक सोलून पट्टी सोड्यात टाकली आणि दोन मिनिटांत सगळं समोर आलं. १० आणि २० साफ धुऊन गेले. ३० ला रेघा राहिल्या, पण कडा कुरतडल्यासारख्या. ४० आणि ५० देखणे. ६० पासून बारीक फटी बुजायला लागल्या, ८० ला तर ०.२ मिमीची एकही फट उघडली नाही.

फटी का बुजतात म्हणून शीट खिडकीशी धरली. काळं म्हणवणारं टोनर चाळणीसारखं! बारीक छिद्रांतून प्रकाश झिरपत होता. एकाच प्रिंटच्या दोन शीट एकमेकींवर तंतोतंत जुळवून चिकटवल्या आणि पट्टी पुन्हा काढली. आता ४० ते ७० सगळं चालत होतं. ही मोकळीक मला वेळेच्या नेमकेपणापेक्षा जास्त मोलाची वाटते. आणखी एक: टोनरची बाजू तांब्याकडे हवी, म्हणून प्रिंट उलटा काढायचा. या दिव्यात एलईडी बाजूंनाही असतात. टोनर आणि फिल्ममध्ये शीटची जाडी आली की तिरका प्रकाश काळ्या कडेखाली घुसतो.

खऱ्या बोर्डाला ५० सेकंद दिले. उघडं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमधून काढून, कॉस्टिक सोड्यात फिल्म उतरवून भिंगाखाली धरला. आयसीचे बत्तीसच्या बत्तीस पॅड सुटे होते.

दिव्याच्या पाठीवर मी मार्करने ‘५०’ लिहून ठेवलंय. ताईने ते परवा पाहिलं. “अरे, हे काय गिरवलंयस? आणि आत निळे डाग कसले?” दिवा तिला परत हवाय. नवा आला की पट्टी पुन्हा पहिल्यापासून.