दाराची भोकं बुजवली, मग बेस ऐकू आला

हॅचबॅकच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची चांगले कंपोनंट स्पीकर (टिपेच्या सुरांचा स्पीकर वेगळा असलेले) बसवूनही ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजत होती. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो वूफर, म्हणजे खोल बेसचा मोठा स्पीकर, टाकायचा. मी उलट्या टोकाने सुरुवात केली: आधी दार, मग वूफर आणि त्याची वायरिंग, नॉबला हात सगळ्यात शेवटी.

कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला काचेच्या मशीनसाठी तळहाताएवढी भोकं असतात, वर नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. मागची लहर त्या भोकांतून पुढे येते. ८० हर्ट्झची लहर सव्वाचार मीटर लांब असते, दोन वितींच्या वळशाने तिला काही फरक पडत नाही. म्हणून ती पुढच्या लहरीला जवळपास नेमकी उलटी भेटते आणि बेस तिथेच मरतो. टिपेच्या आवाजाला हा त्रास नाही, म्हणून झांज स्वच्छ आणि ढोल पोकळ.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून पॅनेल काढलं. स्क्रू बहुधा हँडलच्या खाचेत टोपणाखाली लपलेले असतात. क्लिपा दोन-तीन तरी तुटतातच, त्यामुळे जादा आधीच आणून ठेवाव्यात. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली आणि दोन मिलिमीटरची बुटाइल शीट (थरथर मारणारा चिकट रबरी थर) रोलरने दाबून बसवली. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही. थरथर मधल्या मोकळ्या भागात असते, पाव ते निम्मा भाग झाकला तरी पुरतं. बोटाने ठोकून बघा: आधी ‘टण्ण’ येतं, नंतर ‘ठप्प’. गच्चीवर लावायची डांबरी शीट स्वस्त पडते, पण विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडून खाली घसरते आणि वास मुरतो तो वेगळा.

मोठ्या भोकांवर एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा कापून, कडेला बुटाइलची पट्टी देऊन स्क्रूने बसवला. कायमचं चिकटवू नये, उद्या काचेचं मशीन बिघडलं तर हात घालायला जागा हवी. दाराच्या तळाशी पाणी जायच्या बारीक फटी असतात, त्यांना मात्र अजिबात हात लावायचा नाही. त्या बुजल्या तर पावसाळ्यात दाराची टाकी होते. याच पाण्यामुळे स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीची) घेतली नाही, ती फुगते. एचडीपीई या प्लास्टिकची घेतली. रिंग पक्की करण्याआधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेटला लागत नाही ना, ते पाहायचं.

मग पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवायचा, प्लसला प्लस; पडदा बाहेर उडाला तर जोडणी बरोबर. एका दाराची तार उलटी होती! नवे स्पीकर जोडताना रंग नीट न पाहिल्याचा हा परिणाम. दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलले की बेस मधल्या मध्ये कटतो, त्यावर बेस बूस्ट कितीही फिरवा. इथवर बेसमध्ये जो फरक पडला, तो वूफरशिवाय.

खालच्या सुरांसाठी दहा इंची वूफर आणि सीलबंद बॉक्स. बंद केबिन स्वतःच सुमारे ६० हर्ट्झच्या खाली आवाज उचलून धरते, त्यामुळे पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं तोंड) नसलेला बॉक्सही गाडीत खोल वाजतो. १८ मिलिमीटर प्लायचा, आतून ४२ × ३२ × २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण २७ लिटर. वूफरने व्यापलेली जागा वजा जाता पंचवीसेक. अर्थात स्वतःच्या वूफरच्या कागदावरचा आकडा आधी बघावा. सांध्यांना फेव्हिकॉल, स्क्रू, आतून सिलिकॉन. सिलिकॉन २४ तास वाळू द्यावं, त्याच्या वाफा वूफरच्या गोंदाला बऱ्या नाहीत. पडदा हलकेच दाबून सोडला की तो सावकाश वर यायला हवा. पटकन आला तर कुठेतरी गळती आहे. बॉक्स पट्ट्याने डिकीत जखडलाच पाहिजे, जोरात ब्रेक लागला तर तो थेट मागच्या सीटवर येतो.

बॅटरीपासून वूफर चालवणाऱ्या ॲम्पपर्यंतची (ॲम्प्लिफायरपर्यंतची) वायर ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर, शुद्ध तांब्याची. ब्लेडने एक तार खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. अर्थिंग तितक्याच जाड वायरने, अर्ध्या मीटरच्या आत, रंग घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर. सिग्नलची केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, नाहीतर एक्सलरेटरबरोबर शिट्टी वाढत जाते.

आता गेन. हा आवाजाचा नॉब नव्हे, स्टिरिओचा सिग्नल ॲम्पशी जुळवायचा स्क्रू आहे. बेस बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर. वूफरची तार सोडवलेली, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर, ५० हर्ट्झचा शुद्ध टोन चालू. साधे मल्टिमीटर घरगुती विजेच्या ५० हर्ट्झवर भरवशाचा एसी आकडा दाखवतात, म्हणून हाच टोन. २०० वॉट आरएमएसचा (सतत देता येणारी ताकद) ॲम्प ४ ओमवर असेल तर २०० गुणिले ४ चं वर्गमूळ, म्हणजे ॲम्पच्या वूफरच्या टोकांवर २८.३ व्होल्ट. तिथे गेन थांबवला. याच्या पुढे लहरीचे शेंडे छाटले जातात, कॉइल तापते आणि एक दिवस जळका वास येतो.

दारांना ८० हर्ट्झचा हाय पास (त्यावरचेच सूर जाऊ देणारा फिल्टर), वूफरला ८० चा लो पास (त्याखालचेच). फेज (वूफरची लहर सरळ की उलटी, ते ठरवणारं बटण) शून्य आणि १८०, दोन्ही ड्रायव्हरच्या सीटवरून ऐकून भरदार वाटली ती ठेवली; माझ्याकडे १८० निघाली. तोवर ‘बेस मागून येतोय’ असं वाटत होतं, ते बहुतांशी गेलं.

उरली खडखड. ३० ते १०० हर्ट्झचा हळू चढणारा टोन लावून एकाने एकेक पॅनेल दाबत फिरायचं. नंबर प्लेटमागे फोमची टेप लागली, डिकीच्या ट्रेच्या खुंट्यांना फेल्ट लागलं. ४२ हर्ट्झला काहीतरी हट्टाने वाजत होतं, दाराचं पॅनेल पुन्हा उघडायच्या बेतात होतो. तो मागच्या सीटबेल्टचा बक्कल होता, प्लास्टिकवर टेकलेला.