एकोच्या मधी इफ टाकायला गेलो तेव्हाचा माझा अनुभव

मामाची लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीनच्या सीझनला सकाळपासून शेतकऱ्यांचे फोन चालू असतेत, सौदा निघाला का, भाव काय लागला, म्हणून मामा म्हणले एक पान करून दे, ज्याचं त्याला मोबाईलवर दिसंल. मी पीएचपी, म्हणजे वेबसाइट करायची प्रोग्रामिंग भाषा, शिकत होतो, म्हणलं करतो. डेटाबेसमधून शेतकऱ्याचं नाव, पोती, भाव काढून टेबलात दाखवायचं, एवढं तर एका दिवसात झालं. अडकलो पुढं. भाव निघाला नसंल तिथं 'सौदा बाकी' यायला पाहिजे आणि हमीभावाच्या खालचा भाव लाल दिसायला पाहिजे, २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता.

टीआर, टीडी (एचटीएमएल टेबलातली ओळ आणि सेल) सगळं मी एकाच एकोमध्ये, म्हणजे पानावर छापायच्या कमांडमध्ये, टिंब देऊन देऊन जोडलं होतं, त्याच ओळीत मधीच इफ, म्हणजे 'असं असलं तर', टाकला. लगेच सिंटॅक्स एरर (लिहिण्यातली चूक), अनएक्स्पेक्टेड टोकन इफ, म्हणजे इफ इथं चालत नाही. अर्धा तास कंस मोजत बसलो पण चूक कंसाची नव्हतीच. टिंबानं जोडायला दोन्हीकडं काहीतरी व्हॅल्यू लागते, आणि इफमधून व्हॅल्यू निघत नाही, तो फक्त पुढं कोणता कोड चालवायचा ते ठरवतो.

मग टर्नरी वापरला, प्रश्नचिन्ह आणि कोलनवाला, एका ओळीतला इफच पण त्याच्यातून व्हॅल्यू निघते. एरर गेला, मामाला लिंक पाठवली. दोन मिनिटात फोन, "अरे बाळा, टेबल तर रिकामंच आहे, आन् वरी हे आकडे कशाचे सांडलेत?" बघतो तर खरंच, टेबलात नुसतं हेडिंग आणि त्याच्या वर सगळे भाव एकाला एक चिकटून, ४६५०४७१०४५८० असे! झालं असं की पीएचपी टिंबाचं काम आधी करतं आणि टर्नरीचं नंतर. म्हणजे टीआरपासून भावापर्यंत सगळी स्ट्रिंग (मजकूर) जोडून तीच कंडिशन झाली, ती रिकामी कधीच नसणार, मग दरवेळी नुसता भाव छापला आणि टीआर टीडी सगळे गेले. टेबलात सेलच्या बाहेर काही आलं की ब्राउझर ते उचलून टेबलाच्या वर टाकतो. टर्नरीला कंस घातला तर हे नीट झालं, पण आता लाल रंगासाठी टर्नरीत टर्नरी घालायची वेळ आली, दुसऱ्या दिवशी मलाच वाचता येईना.

शेवटी एको सोडूनच दिला. पीएचपीचा टॅग बंद करायचा, एचटीएमएल सरळ एचटीएमएलसारखं लिहायचं आणि मधीमधी फक्त इफ, पुढं कोलन, खाली एंडइफ. मला ही पद्धत लई आवडली, टेबल डोळ्याला टेबलासारखं दिसतं. फक्त एल्सइफ ('नाहीतर हे असलं तर') जोडून एकच शब्द लिहा, कोलनवाल्या पद्धतीत तोडून लिहिला की एरर येतो.

खरा घोळ त्याच्यानंतर झाला. औशाकडच्या एका शेतकऱ्याचा मामाला फोन, "माझ्या मालाला अजून कुणी हात लावला नाही आन् तुमच्या पानावर लाल दिसायलंय, हमीभावाच्या खाली गेला का काय?" त्या माणसाच्या आवाजातली काळजी मामानं सांगितली आणि मला लई वाईट वाटलं. भाव निघाला नसला की डेटाबेसमध्ये नल, म्हणजे काहीच भरलेलं नाही असं, असतो, आणि नल ५३२८ पेक्षा लहान आहे का विचारलं तर पीएचपी हो म्हणतं. कंडिशन बरोबर होत्या, क्रम चुकला होता, मी 'सौदा बाकी'ची कंडिशन दुसऱ्या नंबरला ठेवली होती. आधी नल आहे का ते बघायचं, मग एल्सइफमध्ये हमीभाव, मग राहिलेलं एल्समध्ये. दोन ओळी वरखाली केल्या आणि त्या शेतकऱ्याला मी स्वतः फोन करून सांगितलं, दादा तुमचा सौदा अजून बाकी आहे, चूक माझी होती.

आता तुरीचं काम राहिलंय. २०२५-२६ ला तिचा हमीभाव ८००० होता, म्हणजे कंडिशनमध्ये ५३२८ लिहून भागत नाही, मालागणिक हमीभाव डेटाबेसमध्येच ठेवायला लागलोय.