सीट फिरवली

आमच्या वर्कशॉपला लोक जुन्या सायकली देऊन जातात. चालण्यासारखी असेल ती दुरुस्त करून स्वस्तात विकायची, नसेल तिचे भाग सुटे करून डब्यांत भरायचे, हे माझं काम. गाव कोलंबस, ओहायो. मूळचा मी तासगावचा. तिथे अण्णांचं सायकलचं दुकान होतं, तासाच्या भाड्याचं आणि पंक्चरचं. पायडल आवळायला मी शाळेत जायच्या आधी शिकलो. हे मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचाच पचका आहे.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी एक गृहस्थ गाडीतून चॉपर उतरवून गेले. चॉपर म्हणजे मोटरसायकलचा थाट केलेली सायकल. लांबलचक चिमटा, उंच हँडल, ठेंगणी बैठक. इकडे हा शौक जुना आहे. कॅलिफोर्नियातली पोरं 20 इंची सायकलींना उंच हँडल आणि केळ्याच्या आकाराची सीट लावून हिंडत होती, ते पाहून श्विन या सायकल कंपनीने 1963 साली स्टिंग-रे काढली. पुढे इंग्लंडात रॅलेची चॉपर आली. आमच्याकडे आली ती 2004 च्या नव्या अवतारातली स्टिंग-रे, ऑरेंज काउंटी चॉपर्स या मोटरसायकलवाल्यांचं नाव मिरवणारी. पुढचं चाक 24 इंची, रुंदीला बेताचं. मागचं 20 इंची, पण त्यावरचा टायर तब्बल सव्वाचार इंच रुंद. दिसायला झकास. पायडल मात्र पुढे असल्यामुळे चढावर उभं राहून दामटता येत नाही. पोरगं दोन उन्हाळे फिरवतं, मग ती गॅरेजात पडते.

तो टायर पाहून मी लगेच एका मुलीला फोन लावला. सोळा-सतरा वर्षांची असेल. दीड महिना दर शनिवारी येऊन विचारत होती, "रुंद टायर आला का?" तिला एकचाकी बनवायची होती. पहिली भारतीय सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आमच्याच सांगलीकडचे, त्यामुळे माझ्या डोक्यात एकचाकी म्हणजे सर्कस, तंबू आणि बँड. हिला ती तळ्याकाठच्या वाळूत आणि बर्फात चालवायची होती.

अर्ध्या तासात आली. बगलेत फ्रेम होती, शाळेच्या वेल्डिंगच्या तासाला स्वतः जोडलेली. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि गप्प बसलो. एकचाकीत दोन बेअरिंगांमधलं अंतर साधारण 100 मिलीमीटर असतं. हा टायर 108 चा. म्हणजे सरळ पायांच्या फ्रेममध्ये तो मावणारच नाही. हिने फ्रेमचे पाय खाली सरळ ठेवले होते आणि क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, फिरतो त्या टप्प्याच्या जरा वर बाहेर फाकवले होते. त्यासाठी क्रँकही आखूड, 125 मिलीमीटरचे घेतले होते. फाकलेल्या भागाला क्रँक लागत नाही आणि वर टायरला जागा मिळते. कागदावर आखून काढलेलं दिसत होतं.

चाक बांधायचं काम माझं. चॉपरच्या मागच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीत, पाय थांबला तरी चाक फिरू देणारी फ्री, शिवाय उलटं पायडल मारलं की लागणारा ब्रेक. एकचाकीला दोन्ही नको. तिथे क्रँक थेट हबच्याच आसावर बसतात, पाय थांबला की चाक थांबलं. म्हणून हब तिच्या जुन्या एकचाकीचा घेतला. रिम मात्र चॉपरचीच. टायरच्या कडेवरचा 406 चा आकडा, म्हणजे रिमचं मिलीमीटरमधलं माप, जुळला तर तो साध्या रिमवरही चढतो, पण अरुंद रिमवर एवढा टायर वळणाला लोळतो. नशिबाने हब आणि रिमची भोकं जुळली. स्पोक नव्या मापाचे कापले, आटे पाडले, चाक विणलं. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला दीड तास गेला. पोलादी रिम, जड, एकीकडे खेचली की दुसरीकडे फुगायची. शेवटी चाक फ्रेममध्ये घातलं, क्रँकची पायडलं आवळली, सीट बसवली.

मुलगी पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागली. बर्फाचे काळे ढिगारे कडेला उरले होते, त्यांवरूनही टायर बिनधास्त चढत होता. चौथ्या फेरीला कटकन आवाज आला. ती सहज पुढे उतरली, एका हाताने सीट पकडलेली. पडली नाही, एकचाकीवाले असे उतरतात म्हणे. दुसऱ्या हातात डावं पायडल घेऊन माझ्याकडे आली.

मला वाटलं, ढिलं राहिलं. मग क्रँक पाहिला. आतल्या अंगाला कोरलं होतं 'आर', म्हणजे राइट, उजवा. डाव्या बाजूला! डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, चालवता चालवता ते सुटू नये म्हणून. बाजू बदलली की तेच आटे स्वतःहून उकलत जातात. उजवीकडचं पायडलही अर्धं सुटलं होतं. सायकलीत ही चूक होतच नाही, चेन असते ती उजवी. इथे चेन नाही, चेनव्हील नाही, फ्रेमलाही पुढचं-मागचं काही नाही.

मी चाक काढायला पाना उचलला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, सीटखालचा नट ढिला केला, सीट गर्रकन अर्धा फेरा फिरवली आणि पुन्हा आवळली. डावं उजवं झालं, उजवं डावं. एवढंच!

क्रँकचे आटे थोडे खाल्ले होते, ते टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून साफ केले. मग ती रस्त्यावर गेली. परत आल्यावर तक्रार एकच, रस्ता कडेला जरा कलता असला की टायर आपल्या मनाने वळायला बघतो. थोडी हवा वाढवली, तेव्हा बराच ऐकू लागला.

रात्री नऊला अण्णांना फोन केला. तिकडे रविवारची सकाळ, चहा चालला होता. सगळं ऐकून घेतलं आणि हसत सुटले.

"आरं, मग शीट फिरवायचं की!"

"तुम्हाला आधीच कळलं?"

"चेन न्हाई म्हणालास तवाच." घोट घेतल्याचा आवाज आला. "आन त्या चापराचं फुडचं चाक काय केलंस? टाकलं न्हाईस न्हवं?"

नाही. खुंटीला टांगलंय.