पी म्हणजे पावडर

एप्रिलची दुपार, मसाल्यांचा हंगाम. डंक्यावर कामाला जाणाऱ्या एक मावशी दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात बुडवूनच दवाखान्यात आल्या. बादली नातवाने धरलेली. "डॉक्टर, हात भाईर काढला की निखारा धरल्यागत होतंय." सकाळपासून बेडगी आणि संकेश्वरीची देठं खुडत होत्या, तीही उघड्या हातांनी. बोटं लालबुंद, जराशी सुजलेली, पण फोड एकही नाही.

भाजलेलं काहीच नव्हतं. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूच्या टोकावरचं नेमकं तेच दार उघडतं, जे एरवी ४३ अंशांच्या आसपास उघडतं. म्हणून मेंदूला वाटतं, हात जळतोय. गंमत अशी की तंतू फक्त वर निरोप धाडून थांबत नाही, खाली कातडीतही सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही रसायनं सोडतो. त्यांनी रक्तवाहिन्या फुलतात, पाझरतात, आणि लाली-सूज येते. म्हणजे आग खोटी, सूज खरी!

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कंपाउंडरने शेजारून गोडेतेल आणलं. चोळलं, पुसलं, मग भांड्यांच्या साबणाने धुतलं. असं तीनदा.

मावशी बाकावर टेकल्या तोवर आजोबा आत आले. तीन महिन्यांपूर्वी बरगडीवर नागीण उठली होती. पुरळ गेलं, ठणका राहिला. सदऱ्याचा स्पर्शही सोसेना. त्यांना मी कॅप्सेसिनचं मलम लिहून दिलं. रोज तीन-चार वेळा, काही आठवडे. आधी आग होते, मग सतत डिवचलेले तंतूच गप्प पडतात. आम्हाला कॉलेजात 'सबस्टन्स पीचा साठा संपतो' एवढंच शिकवलं होतं. ते अर्धंच खरं.

हा सबस्टन्स पी १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडला. पी म्हणजे पावडर. त्याचं दार अडवणाऱ्या औषधांकडून वेदनाशामकाची फार आशा होती, ती फसली. त्यातलंच एक, अ‍ॅप्रेपिटंट, केमोथेरपीतल्या उलट्यांवर मात्र उत्तम चालतं.

"म्हंजे मिरचीच लावायची?" मावशींनी बाकावरूनच विचारलं.

"हो, मावशी."

त्या आजोबांकडे वळल्या. "लावल्यावर हात तेलानं धुवा. आणि डोळ्याला लावू नगा. मी सकाळी लावला."

तेव्हा कुठे मी त्यांचा डावा डोळा पाहिला.