सांडवा किती पुराचा?

पावसाळ्यात पुणेकरांच्या फोनवर येणारा एक संदेश मी अलीकडे फार लक्षपूर्वक वाचतो: खडकवासला धरणातून मुठेच्या पात्रात अमुक इतके क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे. आकडा वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, पात्रातल्या गाड्या हलवल्या जातात आणि धरण पाणी सोडते आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे आपण धरून चालतो. सांडव्यातून, म्हणजे धरणातले जादा पाणी बाहेर सोडण्यासाठी ठेवलेल्या वाटेतून, जाऊ शकेल त्याहून अधिक पाणी वरून येऊ लागले तर काय होते, हा प्रश्न त्या संदेशात नसतो.

गुजरातेत मोरबीच्या वरच्या अंगाला मच्छू नदीवर १९७२ मध्ये मच्छू-२ हे धरण पूर्ण झाले. मधोमध अठरा दरवाजांचा दगडी सांडवा आणि दोन्ही बाजूंना मातीचे लांब भराव, अशी त्याची रचना होती. सांडव्याची क्षमता होती सेकंदाला सुमारे ५,६६३ घनमीटर, म्हणजेच दोन लाख क्युसेक. ११ ऑगस्ट १९७९ रोजी, सलग अतिवृष्टीनंतर, त्याच्या जवळजवळ तिप्पट पूर आला. सांडवा जागेवर उभाच राहिला. फुटले ते दोन्ही बाजूंचे भराव, आणि काही किलोमीटरवरचे मोरबी शहर बुडाले. मृतांचे अंदाज १,८०० पासून २५,००० पर्यंत आहेत. ज्या दुर्घटनेतील माणसांची धड मोजदादही झाली नाही, तिच्याविषयी लिहिताना हात जड होतो.

मातीचे धरण पोटाशी साठलेल्या पाण्याचा दाब वर्षानुवर्षे सोसते, मात्र माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला सोसत नाही. ते पाणी खालच्या उतारावरून वेगाने धावते, गवत उपटते, कुठेतरी बारीकशी घळ पाडते, आणि मग सारा ओघ त्याच घळीकडे वळतो व ती खोल आणि रुंद होत मागे माथ्यापर्यंत पोचते. त्यानंतर माणसाच्या हाती काही उरत नाही. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत हेही मातीचेच धरण, परंतु तेथील कारण वेगळे होते: काम अपुरे असताना पाणी अडवले गेले होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भराव तगवला, म्हणून ते दिवसाउजेडी फुटले आणि असंख्य पुणेकर वाचले.

मच्छू-२ पुन्हा बांधताना सांडव्याची क्षमता जवळजवळ चौपट करण्यात आली. नदी तीच होती, पाणलोट क्षेत्र तेच होते; बदलला होता तो पुराचा हिशेब, आणि तोही शहर वाहून गेल्यावर. आपली कित्येक जुनी धरणे त्या काळी हाताशी असलेल्या थोड्या वर्षांच्या पर्जन्यनोंदींवर आखलेली आहेत, आणि आता तर कमी वेळात कोसळणारा पाऊस वाढतो आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने जुन्या धरणांचे सर्वंकष मूल्यमापन आणि आपत्कालीन कृती आराखडा यांसाठी पाच वर्षांची मुदत दिली. माझ्या मते त्या कामात सांडव्याच्या फेरहिशेबाला पहिला मान हवा, कारण दरवाजांची डागडुजी डोळ्यांना दिसते, अपुरा सांडवा मात्र पूर येईपर्यंत दिसत नाही.

आमच्या वरच्या धरणांचे सांडवे किती पुरासाठी आखले आहेत आणि तो हिशेब शेवटचा कधी तपासला गेला, एवढे दोनच प्रश्न मी गेल्या आठवड्यात माहिती अधिकाराच्या अर्जात लिहिले आहेत.