जुन्या जीपचे सैल ब्रेक पेडल: माझा अनुभव

आमच्या घरी १९८१ सालची महिंद्रा सीजे ५०० डी आहे. गोव्यात वाळपईच्या पुढे डोंगरउतारावर आमची काजूची बागायत आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये बोंडू भट्टीपर्यंत पोचवायचे असले की त्या लाल मातीच्या वाटेवर हीच गाडी उपयोगी पडते. वडिलांकडून ती माझ्याकडे आली तेव्हापासून तिचे ब्रेक पेडल थोडे हलत होतेच. जुनी जीप म्हटली की एवढे चालायचेच, असे घरातले सगळे म्हणत आणि मीही तेच धरून चाललो होतो. गेल्या हंगामात मात्र भरलेली गाडी उतारावर असताना मी ब्रेक दाबला आणि पेडलचे पाय ठेवायचे पॅड खाली जाण्याऐवजी एका अंगाला कलंडून माझा बूट त्यावरून घसरला. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती म्हणून इंजिनाच्या ओढीवर ती आवरता आली.

त्याच्या महिनाभर आधी मी एका गॅरेजमध्ये पेडलची तक्रार घेऊन गेलो होतो. तिथे नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब देणारा पंप) बसवून मिळाला, पैसे गेले आणि पेडल पहिल्यासारखेच खुळखुळत राहिले. दोष नेमका कुठे आहे हे पाहण्याआधीच सुटा भाग बदलला गेला, याचे मला अजून वाईट वाटते, कारण ब्रेकचे पेडल आपले दुखणे पुष्कळ स्पष्ट सांगते. पाय ठेवल्यावर ते स्पंजासारखे दबत असेल तर नळ्यांत हवा शिरलेली असते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बुडत असेल, तर एक तर कुठे तरी ऑइल गळत असते किंवा मास्टर सिलिंडरमधला रबरी कप दाब धरत नसतो. पहिल्या दाबाला खोल जाऊन दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर बहुतेक वेळा ड्रममधले ब्रेक शू झिजून अंतर वाढलेले असते. माझ्या गाडीत यातले काहीच नव्हते. पेडल आडवे हलत होते आणि ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधी बराच प्रवास रिकामा जात होता, म्हणजे दोष ऑइलच्या बाजूला नसून सांध्यांत होता.

या जीपची पेडले आजच्या गाड्यांसारखी डॅशबोर्डखाली लोंबत नाहीत. ती फ्लोअरच्या पत्र्यातून वर येतात आणि त्यांचा शाफ्ट, म्हणजे ज्यावर ती फिरतात ती सळी, खाली चॅसिसला, उघड्यावर असतो. क्लच आणि ब्रेक दोन्ही एकाच शाफ्टवर बसतात. गोव्याच्या पावसात चाकांनी उडवलेला चिखल, व्हाळ (ओढा) ओलांडताना चढलेले पाणी आणि बुटांवरून भोकातून खाली पडणारी माती हे सगळे त्याच शाफ्टवर जमा होते. ग्रीस वेळच्या वेळी भरले नाही तर आमची ही लाल माती सांध्यात पॉलिश पेपरसारखे काम करते.

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, मी गाडी अंगणात सपाट जागी घेतली. हिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या भागाच्या) मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून चारही चाके जमिनीवरच ठेवून मी त्यांच्या दोन्ही बाजूंना चिऱ्याचे तुकडे घट्ट सारले आणि मगच खाली शिरलो. भाच्याला सीटवर बसवून हाताने पेडल हलवायला सांगितले.

"मामा, इथे बघ, पत्रा कापला गेलाय," तो वरून म्हणाला. फ्लोअरच्या भोकाची डावी कड पेडलच्या दांड्याने घासून आरशासारखी चकाकत होती आणि दांड्यावरही तेवढ्याच उंचीवर एक खाच पडली होती. खालून पाहताना दिसले की पेडल हलवले तरी शाफ्ट जागचा हलत नव्हता. पेडलचा बॉस, म्हणजे शाफ्टवर बसणारा त्याचा भोकाचा जाड भाग, तेवढा त्याच्यावर डुलत होता.

खोलण्याचे काम सोपे होते. परत खेचणारी स्प्रिंग काढली, पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला पोचवणाऱ्या पुश रॉडचा बोल्ट काढला, पॅडचा दांडा ज्या बोल्टने खालच्या हाताला आवळलेला असतो तो ढिला करून पॅड वर ओढून घेतले. शाफ्ट मात्र गंजून बसला होता. तो दोन दिवस डिझेल सोडत राहिल्यावर लाकडी ठोकळ्याच्या आधाराने सुटला.

व्हर्नियरने मापे घेतली तेव्हा शाफ्ट झिजलेल्या ठिकाणी न झिजलेल्या भागापेक्षा ६ दशांश मिलिमीटरने बारीक निघाला आणि बॉसचे भोक जवळपास तितकेच मोठे होऊन लंबगोल झाले होते. दोन्ही मिळून सव्वा मिलिमीटरची ढिलाई. ऐकायला ही किरकोळ वाटते, पण बॉस जेमतेम ४० मिलिमीटर रुंद आणि पॅड त्यापासून सुमारे ३०० मिलिमीटर दूर, त्यामुळे पॅडपाशी तीच ढिलाई दोन्ही बाजू मिळून पावणेदोन सेंटीमीटरच्या घरात गेली होती. पुश रॉडच्या डोळ्याचे भोकही अंडाकार झाले होते. पेडलची तरफ त्या ठिकाणी पाच-सहा पटींची असते, म्हणून तिथला एक मिलिमीटर पायाखाली पाच-सहा मिलिमीटर रिकामा प्रवास होऊन येतो.

हे सगळे घेऊन मी डिचोलीला एका वयस्क लेथवाल्या मेस्त्रींकडे गेलो. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून तो पुन्हा घासून घ्यावा, असे माझ्या मनात होते. त्यांनी ते मान्य केले नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकण्याची शक्यता असते आणि नव्या सळीला फारसा जास्त खर्च येत नाही, असे त्यांनी समजावले. शेवटी जुन्या नमुन्याबरहुकूम ईएन ८ पोलादाचा नवा शाफ्ट झाला, आणि पेडलचा बॉस बोअर करून त्यात फॉस्फर ब्राँझचा बुश (अस्तरासारखी नळी) दाबून बसवायचे ठरले.

"बाब, बुश बसला म्हणून काम संपलं नाही. दाबला की तो आतून आवळतो, रीमर मारायचा तो त्याच्यानंतर," ते म्हणाले. त्यांनी आधी ग्रीस निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) रेषेत बुशला भोक पाडून आत ग्रीस पसरण्यासाठी खाच घेतली, मग बुश प्रेसवर बसवला आणि रीमर, म्हणजे भोक आतून खरवडून मापात आणणारे हत्यार, थोडा थोडा फिरवत दर वेळी शाफ्ट घालून पाहिला. शेवटी शाफ्ट स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकला, तेव्हा ते थांबले. पुश रॉडच्या डोळ्यालाही छोटा बुश घालून नवा हाय टेन्साइल बोल्ट, खाचांचा नट आणि स्प्लिट पिन घेतली. अशी सावकाश, हाताला पटेपर्यंत केलेली कामे आता फार कमी ठिकाणी पाहायला मिळतात.

जोडणी करून पेडल हाताने हलवले तर आडवी हालचाल जवळजवळ उरली नव्हती. त्या आनंदात फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीचा पेडलचा मोकळा प्रवास, मोजायचे राहून गेले. वाळपईच्या रस्त्यावर तीन किलोमीटर गेल्यावर गाडी जड चालू लागली. उतरून मागच्या ड्रमजवळ हात नेला तर धग लागत होती. कारण घरी आल्यावर सापडले. आधीच्या गॅरेजमध्ये ढिलाई झाकण्यासाठी पुश रॉड फिरवून लांब करून ठेवला होता. जुन्या झिजलेल्या भोकांत तो खपून गेला. नवे बुश आल्यावर मात्र पेडल पूर्ण वर आले तरी रॉड मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनला किंचित दाबूनच राहिला. पिस्टन पूर्ण मागे आला नाही की ऑइल परत टाकीत जाण्याचे बारीक भोक झाकलेले राहते, नळ्यांतला दाब सुटत नाही, ब्रेक घासत राहतात आणि तापलेले ऑइल फुगून ते आणखी आवळतात. भर रहदारीत चाके जाम होईपर्यंत हे वाढू शकते.

लॉक नट सोडून रॉड आखूड केला आणि पॅडपाशी सुमारे अर्धा इंच, म्हणजे १२ ते १३ मिलिमीटर फ्री प्ले ठेवला. बुशला ग्रीस भरताना ते मास्टर सिलिंडरच्या रबरी बुटाला लागू नये याची काळजी घेतली, कारण साध्या ग्रीसने ब्रेकचे रबर फुगते. या गाडीला चारही चाकांसाठी ब्रेकचे एकच सर्किट आहे. एका जागी गळती झाली तर सगळाच ब्रेक जातो. म्हणून पुन्हा रस्त्यावर नेण्याआधी पेडल पूर्ण जोराने अर्धा मिनिट दाबून धरले, भाच्याकडून प्रत्येक चाकाच्या आतली बाजू आणि नळ्यांचे सांधे पाहून घेतले, मग आधी मोकळ्या मळ्यात, नंतर बागायतीच्या उतारावर रिकामी गाडी थांबवून पाहिली. ड्रम थंड राहिले.

फ्लोअरच्या भोकांवर आता मी जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बसवले आहेत, मधोमध फक्त दांडा जाईल एवढी चीर ठेवून. पावसाच्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला निपलमध्ये ताजे ग्रीस भरले आणि बाहेर आलेले लाल ग्रीस पुसून काढले. ऑक्टोबरमध्ये पॅडपाशी आडवी हालचाल मोजली, ती दोन मिलिमीटरच्या आत आहे.